प्राध्यापकांसाठीचं कोर्स डिझाइन ट्रेनिंग: जावं का? (सविस्तर रिव्ह्यू)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे. या ट्रेनिंगांबद्दल कोणी नीट लिहितच नाही हो, जो तो सर्टिफिकेटचा फोटो टाकतो, खाली "खूप शिकायला मिळालं" लिहितो आणि मोकळा होतो. काय शिकायला मिळालं ते विचारलं की गाडी चहापाण्यावर आणि ग्रुप फोटोवर जाते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे थोडी कुरकुर आहे, आणि तसंही विद्यापीठातल्या शिक्षकांसाठीची बहुतेक ट्रेनिंग्ज आता साधारण याच साच्यातली असतात, त्यामुळे तुम्ही कुठेही नाव नोंदवत असलात तरी हे उपयोगी पडेल.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: जा, पण स्वतःचा चालू असलेला कोर्स आणि त्याची खरी प्रश्नपत्रिका घेऊन जा. ते नसेल तर जाऊ नका, स्लाइड्स कुठेही मिळतात.

स्वरूप असं होतं की सुरुवातीला सलग प्रत्यक्ष सत्रं, मग काही आठवडे ऑनलाइन काम आणि शेवटी परत एकदा भेटून आपापला कोर्स सगळ्यांसमोर मांडायचा. बॅच मिश्र होती, केमिस्ट्री, इतिहास, मायक्रोबायोलॉजी, इंजिनिअरिंग, साहित्य, मी स्टॅटिस्टिक्सची. नोंदणी करताना मला वाटलं होतं की विषयवार बॅच असती तर बरं झालं असतं, पण जे काही चांगलं घडलं ते याच खिचडीमुळे घडलं, त्यावर पुढे येते.

पहिला अर्धा दिवस सरळ विसरून जा. ओळखी, रंगीत चिकट चिठ्ठ्या, "तुम्हाला आवडलेला एक शिक्षक आठवा आणि एका शब्दात सांगा" वगैरे. पन्नाशीच्या प्राध्यापकांना गोलात उभं करून एकमेकांकडे बॉल फेकायला लावलं की वातावरण मोकळं होतं असं कोणाला वाटतं देव जाणे, आमच्यातले दोघं तर फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेले ते थेट बॉल बंद झाल्यावरच आत आले.

दुपारनंतर मात्र गाडी रुळावर आली. मूळ कल्पना साधी आहे, आपण बहुतेक जण कोर्स आखताना सिलॅबस उघडतो, त्यातली युनिट्स आठवड्यांवर वाटतो, नोट्स काढतो, आणि परीक्षा जवळ आली की पेपर काढायला बसतो. इथे उलट्या टोकाने सुरू करायला लावतात. कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं, ते आलंय हे मला कशावरून कळेल, आणि मग सगळ्यात शेवटी त्यासाठी वर्गात काय करायचं. ही विचारसरणी काही नवी नाही, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ सालीच आधी उद्दिष्टं ठरवा, मग अनुभव निवडा, मग तपासा असं मांडलं होतं, आणि "बॅकवर्ड डिझाइन" हे नाव १९९८ पासून जास्त रूढ झालं. ट्रेनरने हा इतिहास चार मिनिटांत उरकला आणि थेट कामाला लावलं, त्याबद्दल पूर्ण मार्क.

काम म्हणजे आपापली लर्निंग आउटकम्स लिहायची. सगळ्यांच्या वहीत तीच वाक्यं. "विद्यार्थ्याला अमुक संकल्पनेची समज येईल", "तमुकची ओळख होईल", "महत्त्व पटेल". माझ्याकडे होतं, "हायपोथिसिस टेस्टिंगची संकल्पना समजेल." (म्हणजे आकडेवारीवरून एखादा अंदाज टिकतो का ते तपासणं.) ट्रेनरबाईंनी एकच प्रश्न विचारला, समजली आहे असा विद्यार्थी आणि समजली नाही असा विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेत, दोघांपुढे काय ठेवलं तर फरक दिसेल? मी म्हटलं, एखाद्या रिसर्च पेपरमधला टेबल ठेवेन, ज्यात पी-व्हॅल्यू (मुळात परिणामच नसता तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून टोकाचा निकाल यायची शक्यता) ०.०४ आहे पण सॅम्पल जेमतेम आहे आणि परिणाम नखाएवढा. ज्याला समजलंय तो म्हणेल की थांबा, यावरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. ज्याला नाही तो म्हणेल ०.०५ या रूढ मर्यादेपेक्षा कमी आहे, झालं सिद्ध. बाई म्हणाल्या, मग हेच लिहा की. आणि आउटकम झालं: "प्रकाशित अभ्यासातला टेबल पाहून त्यातला निष्कर्ष कितपत टिकतो ते कारणांसह दोन परिच्छेदांत लिहिता येईल." वाक्य बदललं तसं माझ्या डोक्यात लगेच पुढचं दिसायला लागलं, की मग मुलांना असे टेबल सेमिस्टरभर दाखवायला हवेत, फॉर्म्युल्यात आकडे घालण्यावर जातोय त्यातला वेळ काढून इकडे द्यायला हवा. हे कोणी शिकवलं नाही, त्या एका प्रश्नातून आपोआप निघालं.

इथे एक तक्रार आहेच. ब्लूमच्या वर्गीकरणाची (शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड, नुसतं आठवण्यापासून वर वर जाणारी) भिंतभर चित्रं आणि क्रियापदांच्या याद्या. मूळ वर्गीकरण १९५६ चं, सुधारित २००१ चं, त्यात "निर्मिती" सगळ्यात वर गेली, हे ठीक. पण बेंजामिन ब्लूम यांच्या नावाने जो क्रियापदांचा धाक घातला जातो तो अति आहे. एका सरांनी "समजून घेईल" लिहिलं तर ज्युनिअर ट्रेनरने लाल पेनने खोडलं आणि यादीतून दुसरं क्रियापद निवडायला सांगितलं. सरांनी निमूटपणे "विश्लेषण करेल" लिहिलं, बाकी वाक्य जसंच्या तसं. काय साधलं? क्रियापद बदलल्याने कोर्स बदलत नाही, वरचा शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांचा प्रश्न विचारला असता तर कदाचित बदलला असता. सीनिअर ट्रेनर आणि ज्युनिअर ट्रेनर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि कोणाच्या ग्रुपमध्ये पडाल ते नशिबावर.

आता प्रश्नपत्रिकेचा दिवस. याच एका दिवसासाठी मी हे ट्रेनिंग रेकमेंड करते.

प्रत्येकाने गेल्या परीक्षेचा आपला पेपर आणायचा होता. मोठ्या कागदावर तक्ता आखायचा, वर आडवी आउटकम्स, डावीकडे उभे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाचे मार्क ज्या आउटकमसाठी असतील त्या चौकटीत लिहायचे. पण खरी गंमत अशी की तक्ता आपण भरायचा नाही, दुसऱ्या विभागातल्या शेजाऱ्याने भरायचा. कारण आपण स्वतः भरायला बसलो की "या प्रश्नात तसं विश्लेषणही अपेक्षित आहे" वगैरे म्हणून मार्क इकडून तिकडे सरकवतो, तिसऱ्या माणसाला फक्त कागदावर छापलेलं दिसतं.

माझ्याकडे एका मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमचा पेपर आला. मला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही, तरी तक्ता भरताना अडचण आली नाही. "टीप लिहा", "आकृतीसह स्पष्ट करा", "फरक सांगा", "पायऱ्या लिहा", सगळे मार्क पहिल्या दोन कॉलममध्ये जाऊन बसले. त्यांचं सगळ्यात भारी आउटकम होतं की प्रयोगशाळेतल्या चाचणीचा निकाल अनपेक्षित आला तर चूक शोधता येईल. तो कॉलम वरपासून खालपर्यंत कोरा. मॅडम म्हणाल्या, ते प्रॅक्टिकलमध्ये बघतो आम्ही. मग प्रॅक्टिकल परीक्षेचा कागद काढला तर तिथे दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे करून निरीक्षण नोंदवा. म्हणजे तिथेही कोरा.

मग त्यांनी आणि मी मिळून एक प्रश्न बदलला, तेवढा इथे सांगते. मूळ प्रश्न, "ग्रॅम स्टेनिंगच्या पायऱ्या लिहा." (ग्रॅम स्टेनिंग म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत, जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते निगेटिव्ह.) नवा प्रश्न, "एका विद्यार्थ्याने स्टॅफिलोकॉकसची स्लाइड ग्रॅम स्टेन केली आणि सगळ्या पेशी गुलाबी दिसल्या. कुठल्या पायरीला काय बिनसलं असेल याच्या दोन शक्यता सांगा आणि त्यातली खरी कुठली हे कसं ठरवाल ते लिहा." स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळा दिसायला हवा. गुलाबी दिसतोय म्हणजे रंग धुणारं अल्कोहोल जास्त वेळ राहिलं असेल, किंवा रंग पक्का करणारं आयोडीन द्यायचं राहिलं असेल, किंवा कल्चर जुनं असेल. आता बघा, पायऱ्या पाठ नसतील तर हे उत्तर लिहिताच येणार नाही, म्हणजे पाठांतराची तपासणी आपसूक झालीच, पण पायऱ्या नुसत्या पाठ असून भागत नाही, कुठली पायरी कशासाठी आहे ते माहीत पाहिजे. मार्क तेवढेच, वेळ तेवढाच, सिलॅबसला हात लावलेला नाही. मॅडमचं म्हणणं पडलं की हे तपासायला जास्त वेळ जाईल, आणि ते खरं आहे, उत्तरं एका छापाची येणार नाहीत. पण त्याच पुढे म्हणाल्या की निदान ती उत्तरं वाचताना झोप तरी येणार नाही.

आउटकम्स, शिकवणं आणि परीक्षा या तिघांनी एकाच दिशेला तोंड केलेलं असावं, या विचाराला जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये "कन्स्ट्रक्टिव्ह अलाइनमेंट" म्हटलं. ऐकताना वाटतं की यात काय सांगण्यासारखं आहे, कोणालाही कळतं. तक्ता भरला की कळतं की कळत असूनही आपल्या कागदावर ते उतरलेलं नसतं. विद्यार्थी शहाणे असतात हो, ते सिलॅबसच्या पहिल्या पानावरची आउटकम्स वाचत नाहीत, जुने पेपर वाचतात. त्यांच्यासाठी कोर्स म्हणजे जुने पेपरच.

दुसरी जोरदार गोष्ट म्हणजे मुलाखतीचं सत्र. ही पद्धत इंडियाना युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांनी बसवलेली आहे, कल्पना अशी की आपल्या विषयात आपण इतके मुरलेले असतो की विचार करताना ज्या पायऱ्या घेतो त्या आपल्यालाच दिसेनाशा होतात, त्यामुळे शिकवताना त्या गाळल्या जातात आणि विद्यार्थी नेमके तिथेच आपटतात. उपाय म्हणून विषयाबाहेरच्या दोघांनी तुमची मुलाखत घ्यायची आणि "म्हणजे नक्की काय करता?" असं विचारून विचारून पिच्छा पुरवायचा.

आमच्यात केमिस्ट्रीचे सर बसले खुर्चीत, विचारणारे इतिहासाच्या मॅडम आणि एक इंजिनिअरिंगचे सर. विषय, एनएमआर स्पेक्ट्रम (रेणूची रचना ओळखण्यासाठीचा रेषांचा आलेख) वाचणं, जिथे म्हणे दरवर्षी निम्मा वर्ग अडकतो. सर म्हणाले, "बघितलं की कळतं हो, हा इथाइल ग्रुप आहे म्हणून." मॅडमनी विचारलं, नजर आधी कुठे जाते? "पॅटर्नकडे, एक ट्रिपलेट, एक क्वार्टेट." त्याच्या आधी? "आधी म्हणजे... स्पेक्ट्रमच्या आधी मी फॉर्म्युला बघतो. त्यावरून किती डबल बाँड किंवा रिंग असू शकतात ते मोजतो मनात." हे मुलांना सांगता? "ते त्यांना माहीत असतंच ना, आधीच्या सेमिस्टरला झालंय." बरं, मग स्पेक्ट्रमवरच्या सगळ्या रेषा बघता का? "छे, सगळ्या कशाला, ७.२६ वरची तर मी बघतच नाही, ती सॉल्व्हंटची असते." आणि एवढं बोलून सर स्वतःच गप्प झाले, मग हसायला लागले. म्हणाले, मुलं दर वेळी त्या रेषेला बेंझिन रिंग समजतात आणि मी दर वेळी मार्क कापतो.

इतिहासाच्या मॅडमना केमिस्ट्री येत असती तर त्यांनी हा प्रश्न विचारलाच नसता. म्हणून म्हटलं, मिश्र बॅच हवी. विषयवार ट्रेनिंगला गेलात तर सगळेच एकमेकांना समजून घेत माना डोलवतात.

तासांच्या हिशोबाचं सत्रही बरं होतं, जरा कोरडं. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तास काम धरतात, लेक्चरसकट. म्हणजे ६ क्रेडिटचा कोर्स १५ आठवडे चालला तर आठवड्याला १० ते १२ तास, त्यातच वर्ग, वाचन, असाइनमेंट, अभ्यास सगळं. आपापल्या कोर्सचा हिशोब मांडायला लावला. साहित्याच्या एका सरांनी दर आठवड्याला लावलेलं वाचन तासांत मांडल्यावर कळलं की बाकी काही न करता नुसतं वाचलं तरी तास पुरत नाहीत, आणि हे एका कोर्सचं, विद्यार्थी एकावेळी पाच-सहा कोर्स करत असतो. सर म्हणाले, म्हणूनच कोणी वाचत नाही तर. त्यांनी यादीचे दोन भाग केले, वाचल्याशिवाय वर्गात येऊ नका असं थोडंसं आणि उरलेलं आवडलं तर वाचा असं. साधं काम आहे, घरी बसूनही करता येईल, त्यासाठी ट्रेनिंगची गरज नाही.

आता जिथे माझं डोकं फिरलं ते.

एका पाहुण्या वक्त्यांनी ती प्रसिद्ध पिरॅमिडची स्लाइड दाखवली, वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, दुसऱ्याला शिकवलेलं ९० टक्के. अहो, आकडे इतके गोल आणि एका ओळीत बसलेले आहेत तिथेच शंका यायला हवी की. हा पिरॅमिड ज्यांच्या नावावर खपवला जातो त्या एडगर डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा एक शंकू काढला होता, त्यात असले टक्केच नव्हते, ते नंतर कोणीतरी चिकटवले. आणि लगेच पुढच्या स्लाइडवर लर्निंग स्टाइल्स, तुम्ही व्हिज्युअल आहात की ऑडिटरी, ही प्रश्नावली भरा. २००८ साली मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने यावरचं संशोधन तपासून स्पष्ट लिहिलंय की विद्यार्थ्याच्या स्टाइलप्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो याला पुरेसा पुरावा नाही. जे ट्रेनिंग सकाळी पुराव्यावर आधारित शिकवा म्हणतं तेच दुपारी हे दाखवतं म्हणजे काय? मी हात वर करून विचारलं, तर उत्तर मिळालं, "कन्सेप्ट लक्षात घ्या, आकड्यांवर जाऊ नका." स्टॅटिस्टिक्सच्या शिक्षिकेला सांगतायत! फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय, बघू पुढच्या बॅचला ती स्लाइड असते का.

उलट बाजूला जे पक्कं आहे ते त्यांनी घाईत उरकलं. २०१४ चा एक मोठा आढावा आहे, विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगच्या कोर्सेसचे २२५ अभ्यास एकत्र केलेले, नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, आणि जिथे मुलांना वर्गात काही करायला लावलं तिथे सुमारे २२ टक्के. यावर एक तास हवा होता, दहा मिनिटं मिळाली. मात्र त्या दहा मिनिटांत एक कामाची गोष्ट सांगितली गेली, हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ॲक्टिव्ह पद्धतीच्या वर्गातली मुलं जास्त शिकली, पण "मी किती शिकलो" असं विचारलं तर त्यांनी कमी सांगितलं, आणि छान ओघवतं लेक्चर ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. म्हणजे तुम्ही पद्धत बदललीत आणि सेमिस्टरअखेर विद्यार्थ्यांचा फीडबॅक घसरला तर लगेच हाय खाऊ नका, आणि सुरुवातीलाच मुलांना सांगून टाका की डोक्याला ताण पडतोय म्हणजे काहीतरी बिघडलंय असं नाही. ज्यांची बढती फीडबॅकच्या आकड्यांवर अडकलीये त्यांनी हे विभागप्रमुखांनाही आधीच सांगून ठेवावं, हा सल्ला ट्रेनरचा नाही, माझा.

या ॲक्टिव्ह पद्धतीचा डेमो मस्त होता. वर फेकलेलं नाणं अगदी वरच्या टोकाला क्षणभर थांबतं, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? आम्ही सगळ्यांनी हात वर करून मत दिलं, मग शेजाऱ्याशी वाद, मग परत मत. साहित्यवाले आणि इतिहासवाले तावातावाने भांडत होते, शून्य, कारण थांबलंय ना ते! एक सर म्हणाले थांबलं असतं तर खाली कशाला आलं असतं, आणि तिथे चित्र फिरलं. (थांबतो तो वेग, गुरुत्वाकर्षण कुठे जात नाही, त्वरण तेवढंच ९.८.) हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून ही पद्धत वापरतायत. एक नियम वहीत लिहून घेण्यासारखा, पहिल्या मतदानात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चेला सोडा. त्याहून कमी असतील तर मुलं एकमेकांना चुकीचंच पटवतात, तेव्हा परत समजावून सांगा, आणि जास्त असतील तर वेळ घालवू नका, पुढे चला.

मोठ्या वर्गांच्या बाबतीत मात्र ट्रेनिंग लंगडं पडतं. सगळी उदाहरणं पंचवीस-तीस विद्यार्थ्यांची, दर आठवड्याला लेखी फीडबॅक द्या, मसुदा तपासून परत द्या, प्रत्येकाशी पाच मिनिटं बोला. दोनशे मुलांचा वर्ग आणि हाताशी एकही असिस्टंट नसलेल्या माणसाने काय करायचं? विचारलं तर उत्तर ठरलेलं, रुब्रिक (कशाला किती मार्क याचा तक्ता) करा. रुब्रिकने तपासणं एकसारखं होतं हे मान्य, पण दोनशे कागद दोनशेच राहतात. शेवटी तोडगा आमच्यातल्याच इंजिनिअरिंगच्या सरांनी सांगितला, ते सगळे कागद चाळतात, वर्गात वारंवार दिसलेल्या चुका एका पानावर काढतात आणि ते पान सगळ्यांना देऊन "यातली तुमची कुठली ते शोधा आणि दुरुस्त करून परत द्या" म्हणतात. पैसे ट्रेनरला आणि ज्ञान शेजाऱ्याकडून, असं बऱ्याचदा झालं.

एआयवरचं सत्र तर नावापुरतं. चॅटजीपीटीने लिहिलेली असाइनमेंट ओळखायची कशी, यातच वेळ गेला. अरे, खुद्द ओपनएआयने स्वतःचं ओळखायचं टूल जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं, आपण कुठून ओळखणार? असाइनमेंट कशी बदलायची, कुठला भाग वर्गात लिहून घ्यायचा, कुठे तोंडी दोन प्रश्न विचारायचे, यावर बोलायला हवं होतं, खरं तर त्या प्रश्नपत्रिकेच्या तक्त्याला धरूनच ते छान झालं असतं.

ऑनलाइन आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. व्हिडिओ बरे आहेत, दीडपट वेगाने बघा. "फोरमवर एक पोस्ट टाका आणि किमान दोघांना रिप्लाय द्या" ही सक्ती होती, त्यामुळे सगळीकडे "छान मुद्दा मांडलात सर, सहमत" यांचा ढीग. वर्गात असली पोस्ट आपल्या विद्यार्थ्याने टाकली तर आपण काय म्हणू? एवढं मात्र चांगलं की असाइनमेंट म्हणून जे जे करायला लावलं ते स्वतःच्याच कोर्सचं होतं, त्यामुळे शेवटी हातात पुढच्या सेमिस्टरला वापरता येईल असं काहीतरी होतं. माझ्या हातात नवा पेपर, एक असाइनमेंट शीट आणि आठवड्यांचा बदललेला क्रम आला.

हो, परवानगीचा मुद्दा राहिला. बरेच जण म्हणतात की आमचा सिलॅबस बोर्डाने ठरवलेला, आमच्या हातात काय आहे. या बाबतीत सीनिअर ट्रेनरबाई स्पष्ट होत्या, त्यांनी आधीच दोन याद्या करायला लावल्या, ज्याला मंजुरी लागते ते आणि ज्याला लागत नाही ते. युनिट काढणं-घालणं, मार्कांची विभागणी, अधिकृत आउटकम्स हे पहिल्या यादीत. युनिटांचा क्रम, वर्गातले प्रश्न, असाइनमेंटच्या सूचना कशा लिहायच्या, पेपरमधल्या प्रश्नाची शब्दरचना, मार्क नसलेली छोटी चाचणी, हे दुसऱ्या यादीत. दुसरी यादी सगळ्यांचीच लांब निघाली. रडगाणं तिथे बंद झालं.

नंतरचा पाठपुरावा कमकुवत आहे. सेमिस्टर संपल्यावर परत भेटू म्हणाले होते, एक मेल आला, त्यात ऑनलाइन फॉर्म. एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायची योजना कागदावर होती, संस्थेने काहीच केलं नाही, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम आणि मी आमच्या आम्ही ठरवून जातो. त्यांचा तो गुलाबी स्टॅफिलोकॉकस परीक्षेत आला, आणि मुलांनी पेपर सिलॅबसबाहेरचा आहे म्हणून तक्रार केली! मग मॅडमनी पुढच्या बॅचला असे दोन प्रश्न वर्गातच सोडवून घ्यायला सुरुवात केली. हे ट्रेनिंगमध्ये ठळक करून सांगायला हवं होतं, की परीक्षा बदलली आणि वर्ग तसाच ठेवला तर मुलांवर अन्याय होतो.

कोणी जावं? ज्यांनी तोच कोर्स एक-दोनदा शिकवलाय त्यांनी. अगदी नव्याने लागलेल्यांना यातलं निम्मं हवेत जाईल, मुलं कुठे अडकतात ते अजून पाहिलेलं नसतं. निवृत्तीला आलेले दोन सर होते आमच्यात, सगळ्यात जास्त मजा त्यांनीच केली.

पैसे भरण्याआधी आयोजकांना एवढं विचारा: आम्ही स्वतःच्या कोर्सवर काम करणार की नमुन्याच्या? प्रश्नपत्रिका बघितली जाते का? बॅच मिश्र आहे का? ग्रुपला कोण असणार, सीनिअर की ज्युनिअर? उत्तरं गुळमुळीत आली तर सोडून द्या.

रेटिंग ५ पैकी ३.५. प्रश्नपत्रिका आणि मुलाखत यांना ५, पिरॅमिडला शून्य, बॉल फेकण्याला उणे काहीतरी. आणि पेपर नेताना लॅपटॉपवर नेऊ नका, प्रिंट न्या, मॉडेल आन्सरसकट, कारण शेजारी प्रश्न वाचून म्हणतो की यात विचार करायला लावलाय, आणि मॉडेल आन्सर उलटली की नोट्समधला परिच्छेद निघतो.